बजेट पीसीसाठी एसएमपीएस: कॅबिनेटसोबत येणारा ४५० वॅटचा पुरेल का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी, सांगलीहून लिहितेय. लेक डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर शिकायचंय, सोबत थोडं गेमिंग. तयार पीसी न घेता सुटे भाग आणून घरीच जुळवायचं दोघींनी ठरवलंय. यादी अशी: इंटेल आय३-१२१००एफ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एसएसडी, रेडिऑन आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड. मॉनिटर घरात आहे.
यादी इथवर आली आणि पैसे संपत आले. राहिला एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन पीसीच्या सगळ्या भागांना पुरवणारा डबा. दुकानदार म्हणतो, "कॅबिनेटमध्ये ४५० वॅटचा एसएमपीएस बसवूनच येतो मॅडम, वेगळा कशाला घेता?" चांगला वेगळा घ्यायचा तर तो साडेतीन हजार सांगतोय. तेवढे वाचले तर एसएसडी १ टीबीची घेता येते, आणि लेकीचं मत तेच आहे. ४५० म्हणजे ४५०च ना? मग साडेतीन हजार नेमके कशाचे? कुणी समजावून सांगेल का?

सोल्डरगन
ताई, खोक्यावरचा आकडा तूर्त बाजूला ठेवा. एसएमपीएसच्या अंगावर एक लेबल असतं, त्यावर छोटा तक्ता छापलेला असतो. त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघून इथे टाका. बाकीचं त्यावरून बोलू.

मुक्काम_पोस्ट_कऱ्हाड
माझा सहा वर्षं तोच लोकल एसएमपीएस चालू आहे. साडेसातशेला घेतला होता. काहीही झालेलं नाही. उगाच घाबरवू नका लोकांना.

सोल्डरगन
कऱ्हाडकर, पीसीत ग्राफिक्स कार्ड आहे का?

मुक्काम_पोस्ट_कऱ्हाड
नाही. टॅली आणि जीएसटीचं काम.

सोल्डरगन
मग चालणारच. तुमची मशीन सगळी मिळून साठ-सत्तर वॅट ओढत असेल. ताईंची जुळणी त्याच्या चौपट ओढणार आहे.

रानजाई
वाचतेय. मलाही भावासाठी घ्यायचाय.

कृष्णाकाठ
दुकानात जाऊन लेबलचा फोटो काढून आणला. जसंच्या तसं उतरवते:
+३.३ व्होल्ट: १८ अँपिअर
+५ व्होल्ट: २० अँपिअर
+१२ व्होल्ट: १६ अँपिअर
−१२ व्होल्ट: ०.५ अँपिअर
+५ व्होल्ट स्टँडबाय: २ अँपिअर
मोठ्या अक्षरात ४५०. पाठीमागे पॉवरच्या सॉकेटशेजारी लाल रंगाची ११५/२३० लिहिलेली सरकती कळ आहे.

सोल्डरगन
वाटलंच होतं. आता नीट सांगतो, थोडं लांबेल.

व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. १२ × १६ = १९२. म्हणजे या डब्यातून १२ व्होल्टच्या पिवळ्या तारांवर मिळणार फक्त १९२ वॅट, तेही लेबल खरं बोलतंय असं धरलं तर. आजच्या पीसीत जवळजवळ सगळं काम १२ व्होल्टवर चालतं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही तिथूनच वीज घेतात. मदरबोर्ड त्याच १२ व्होल्टपासून प्रोसेसरला लागणारा एक-सव्वा व्होल्ट तयार करतो. पेंटियमच्या काळात प्रोसेसर ५ आणि ३.३ व्होल्टवर चालायचे, म्हणून सप्लायमध्ये (म्हणजे एसएमपीएसमध्येच) त्या बाजूला ताकद दिलेली असायची. हे स्वस्त डबे अजून त्याच आराखड्यावर निघतात.

आता तुमची गरज बघा. आय३-१२१००एफ टर्बोमध्ये, म्हणजे पूर्ण वेगात, ८९ वॅटपर्यंत जातो. आरएक्स ६६०० ची बोर्ड पॉवर, म्हणजे अख्ख्या कार्डाची ओढ, १३२ वॅट. दोन्ही मिळून २२१. पंखे आणि मदरबोर्डवर उष्णतेत जाणारी वीज यात धरलेलीच नाही. लागणार २२१, मिळणार १९२. ब्लेंडरमध्ये रेंडर (अंतिम चित्र तयार करायचं काम) लावला की हा सप्लाय रोज तासन्‌तास त्याच्या शेवटच्या टोकावर राहील.

शिवाय ती लाल कळ. चुकून ११५ वर सरकली आणि तुम्ही आपल्या २३० च्या प्लगात घातला, तर पहिल्याच सेकंदाला फाट्कन आवाज येतो. वर्षाला दोन-तीन तरी असे सप्लाय माझ्या बाकावर येतात, बहुतेक वेळा मुलांनी कुतूहलाने सरकवलेले. चांगल्या नव्या सप्लायला ही कळच नसते, तो १०० ते २४० व्होल्ट आपणहून सांभाळतो.

कृष्णाकाठ
सोल्डरगनदादा, मनापासून आभार. लेक शेजारीच बसून वाचत होती. तिने कॅल्क्युलेटर घेऊन सगळ्या ओळींचे गुणाकार केले: ५९.४ + १०० + १९२ + ६ + १०. बेरीज ३६७.४ वॅट. सगळ्या तारांवर एकाच वेळी पूर्ण ताण दिला तरी ३६७! म्हणजे ४५० हा आकडा त्यांच्याच तक्त्यात कुठे बसत नाही. ती आता एसएसडीचं नाव काढत नाहीये.

सोल्डरगन
शाब्बास पोरी! बावीस वर्षं दुरुस्तीत आहे, ही बेरीज करून बघणारं गिऱ्हाईक अजून भेटलं नव्हतं.

दहिसर_लोकल
माझा अनुभव. २०१९ मध्ये असाच कॅबिनेटबरोबर आलेला सप्लाय वापरला. वर्षभराने जुनं ग्राफिक्स कार्ड घेतलं. सप्लायला कार्डासाठी ६ पिनची वायरच नव्हती, म्हणून दुकानदाराने मोलेक्सचा (जुन्या ४ पिनच्या प्लगाचा) कन्व्हर्टर दिला. तीन आठवडे चाललं. एका रात्री मुलगा खेळत असताना करपल्याचा वास आला. कन्व्हर्टरचं पांढरं प्लास्टिक पिवळं पडून वितळलं होतं, पिन आत चिकटली होती. सप्लाय तर गेलाच, जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला. हार्ड डिस्कवर मुलीच्या बारशाचे फोटो होते आणि दुसरी प्रत नव्हती. पैशाचं दुःख ओसरलं, फोटोंचं नाही ओसरलं.

रानजाई
अरेरे. वाचूनच कसंतरी झालं. पण सप्लाय गेला तर बाकीचे भाग का जातात? फ्यूज नसतो का?

सोल्डरगन
फ्यूज असतो, पण तो घराच्या वायरिंगसाठी. तो वितळेपर्यंत पुढचं जे व्हायचं ते होऊन जातं. मदरबोर्डला वाचवायला वेगळ्या तरतुदी लागतात: व्होल्टेज वर गेलं की बंद, खाली आलं की बंद, करंट जास्त झाला की बंद, शॉर्ट झालं की बंद, तापला की बंद. चांगल्या सप्लायमध्ये हे बघायला एक सुपरवायझर आयसी असतो. स्वस्तात यातलं बरंच गाळतात. मी उघडतो तेव्हा कित्येकदा बोर्डावर जागा छापलेली दिसते, भाग बसवलेलाच नसतो. आत येणारी वीज गाळणाऱ्या कॉइलच्या जागी तर साधी तार जोडलेली सापडते.

आणि हे वाचून कुणी घरी उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट असतात, 'पीएफसी' सर्किट असलेल्या नव्या सप्लायमध्ये चारशेच्या जवळ. प्लग काढल्यावरही ते काही काळ तसेच राहतात.

चंद्रपुरी
ब्रॉन्झ, गोल्ड या कार्यक्षमतेच्या ८० प्लस शिक्क्यांबद्दल कुणी बोललं नाही अजून. मी म्हणेन ८० प्लस ब्रॉन्झच्या खाली जाऊच नये. बिलात फरक पडतो.

हिशोबी
चंद्रपुरी, आकडे मांडून बघू या. पीसी खेळताना २५० वॅट वापरतोय असं धरू. साधा सप्लाय ७५ टक्के कार्यक्षम असेल तर भिंतीतून ३३३ वॅट ओढेल. ब्रॉन्झ ८५ टक्के धरला तर २९४. फरक ३९ वॅट. रोज दोन तास म्हणजे वर्षाला २८ युनिट. दहा रुपये युनिट धरलं तरी २८० रुपये. बिलासाठी म्हणून ब्रॉन्झ घ्यायचा तर जास्तीचे पैसे सुटायला वर्षं जातील. गोल्डचा जादा खर्च तर दिवसाला दोन तास वापरणाऱ्याला परतच येत नाही.

चंद्रपुरी
हिशोब मान्य. पण मी बिल म्हणालो तिथे उष्णता म्हणायला हवं होतं. ते ३९ वॅट जातात कुठे? त्याच डब्यात. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५-४६ अंश असतात, दुपारी खोलीत पंख्याखाली ३८. ८० प्लसची चाचणी २३ अंशांच्या आसपास होते. कॅबिनेटच्या आत आमच्याकडे सहज पन्नास. म्हणून मी एकच गोष्ट बघतो, कंपनीने पूर्ण वॅट कुठल्या तापमानाला कबूल केलेत. काही २५ अंशांवर सांगतात, काही ४० वर, काही ५० वर. विदर्भात राहणाऱ्याने ४० च्या खालचा घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

सोल्डरगन
चंद्रपुरींना पूर्ण अनुमोदन. कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. म्हणून १०५ अंशांचे कपॅसिटर आहेत की ८५ चे हे बघायचं. आणि आणखी एक: ब्रॉन्झचा शिक्का फक्त कार्यक्षमतेचा आहे, सुरक्षिततेचा नाही. ब्रॉन्झ असूनही आतून जुन्या पद्धतीचे सप्लाय मिळतात, ज्यात ५ आणि १२ व्होल्ट एकाच दाव्याला बांधलेल्या दोन बैलांसारखे असतात. १२ व्होल्टवर ओढ वाढली की ५ व्होल्टचा आकडा चढतो. 'डीसी-टू-डीसी' लिहिलेला बघा, त्यात आधी १२ तयार होतो आणि त्यातून ५ आणि ३.३ वेगळे काढतात. ताईंच्या बजेटमध्ये असे मिळतात आता.

एडिसनवाला
इकडे न्यू जर्सीत १२० व्होल्ट. तोच सप्लाय २३० वर थोडा जास्त कार्यक्षम चालतो, कारण आत येणारा करंट निम्म्यावर येतो. तेवढा फायदा तुमच्याकडे फुकट आहे बघा. बाकी इथले लोक गरज नसताना ८५० वॅटचे घेतात, त्यांचं बघून वाहवत जाऊ नका.

रानजाई
मग किती वॅटचा घ्यायचा? भावाला कुणीतरी ७५० सांगितलाय, आरटीएक्स ३०५० साठी.

हिशोबी
८ जीबीचं ३०५० हे १३० वॅटचं कार्ड आहे. प्रोसेसर ९०, कार्ड १३०, बाकी सगळ्याला ५० धरा: २७०. त्यावर थोडी मोकळीक ठेवली की चांगला ४५० पुरतो. पुढे कार्ड बदलायचा विचार असेल तर ५५०. ७५० चे पैसे कार्डात घाला.

दहिसर_लोकल
ताई, यूपीएसचंही बघा. मी नवा ब्रॉन्झ सप्लाय घेतला आणि लाइट गेली की पीसी बंद पडायला लागला. यूपीएस चालू, मॉनिटर चालू, पीसी बंद! आधीच्या लोकल सप्लायला हे कधी व्हायचं नाही.

चंद्रपुरी
सप्लाय खराब होता का?

सोल्डरगन
नाही, जोडी जमली नाही. नव्या सप्लायमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी असतो, म्हणजे तो विजेची लाट जशी येते त्याच आकारात करंट घेतो. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की पायऱ्यापायऱ्यांची लाट देतो, आणि दोन लाटांच्या मध्ये सपाट शून्य. ते शून्य काही पीएफसींना झेपत नाही. शिवाय लाट परत आली की तो एकदम करंट ओढतो, यूपीएसला वाटतं ओव्हरलोड. दोन उपाय आहेत: शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस घ्या, नाहीतर आहे त्याच प्रकारचा, पण मोठ्या क्षमतेचा घ्या.

क्षमतेचंही सांगतो. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, बहुतेक ३६० वॅट. तुमचा पीसी भिंतीतून ३१०-३२० ओढेल, वर मॉनिटरचे २५. म्हणजे काठावर. १००० व्हीए घ्या, तो साधारण ६०० वॅटचा येतो. यूपीएस घ्यायलाच हवा असं नाही, पण सांगलीत पावसाळ्यात वादळवाऱ्याने लाइट झपझप करत असेल तर घ्या.

रेवदंड्याची_वाडी
विषय निघालाच आहे तर आमच्या कोकणातला त्रास सांगते. दोन वर्षांत दोन सप्लाय गेले. कारण दोन्ही वेळा एकच: पाल. थंडी पडली की मागच्या पंख्याच्या जाळीतून उबेला आत शिरते आणि कुठेतरी दोन पाय दोन ठिकाणी टेकतात. वॉरंटीत नेला तर आत पाल म्हणून नाकारला. पावसाळ्यात मुंग्याही अंडी घेऊन आत जातात.

मुक्काम_पोस्ट_कऱ्हाड
आमच्याकडे मुंग्यांनी इन्व्हर्टरच्या रिलेत घर केलं होतं. पटतंय.

सोल्डरगन
रेवदंडाताई, कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या पट्ट्या उघड्या असतील तर आधी त्या बंद करा, पाल तिथूनच जास्त येते. पंख्यावर बारीक जाळीचा फिल्टर बसवा, महिन्याला झटका. कापड बांधू नका, हवा कोंडते. आणि पावसाळ्यात पीसी आठवडाभर बंद ठेवू नका. रोज अर्धा तास चालू केला की आतली दमट हवा वाळते.

कृष्णाकाठ
परत आले. काल संध्याकाळी बाजारात जाऊन आलो. दुकानदाराला लेकीने ती बेरीज दाखवली. त्यांनी लेबल दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे मीही कधी केलं नव्हतं." एसएमपीएस काढून नुसतं कॅबिनेट दिलं, सहाशे रुपये कमी केले. आम्ही ४५० वॅटचा ब्रॉन्झ, डीसी-टू-डीसी, ४० अंशांवर पूर्ण वॅट, पाच वर्षांची वॉरंटी असा घेतला. लेबलवर १२ व्होल्टला ३६ अँपिअर, म्हणजे ४३२ वॅट. बीआयएसचा आर-नंबरही (सरकारी नोंदणी क्रमांक) आहे. जीएसटीचं बिल घेतलं. आरएक्स ६६०० साठी ८ पिनची वायर सप्लायमधूनच येते, कन्व्हर्टर नाही.

आता एक शंका. अजून सगळं जुळवलेलं नाही, पण सप्लाय कॅबिनेटमध्ये बसवून नुसता प्लग लावला तर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. लेक म्हणते तिला काही जाणवत नाही, तिच्या पायात चप्पल होती. सप्लाय सदोष आहे का?

सोल्डरगन
आधी प्लग काढा. मग वाचा.

सप्लाय बहुधा निर्दोष आहे, तुमच्या त्या प्लगाला अर्थिंग नाही. सप्लायमध्ये विजेतला खरखराट (नॉइज) गाळण्यासाठी फेजकडून आणि न्यूट्रलकडून एकेक छोटा कपॅसिटर पत्र्याला जोडलेला असतो. अर्थिंग असेल तर तो किरकोळ करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध तरंगतो, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर. करंट अगदी थोडा असतो म्हणून फक्त झिणझिणतं. पण सप्लायमध्ये खरोखर काही बिघडलं तर तोच पत्रा जिवावर बेतेल, आणि आत्ता तुमच्याकडे ते अडवणारं काही नाही. यूएसबीला काही जोडताना ठिणगी पडून पोर्ट जातात ते निराळंच.

वायरमनला बोलवा. फेज आणि अर्थ यांच्यात २३०, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या आत, हे मीटर लावून दाखवा म्हणावं. अर्थच्या जागी न्यूट्रलचाच तुकडा जोडून दिला तर चालवून घेऊ नका. जुन्या घरात असं करतात, आणि न्यूट्रल तुटला की सगळ्या पत्र्यांवर फेज येतो.

हिशोबी
हे वाचून उठलो आणि घरचे प्लग तपासले. फ्रिजच्या प्लगाला अर्थिंग नाही. उद्या वायरमन येतोय.

रानजाई
सोल्डरगनदादा, हे शेवटचं वेगळा धागा काढून लिहा ना. एसएमपीएस न घेणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

कृष्णाकाठ
वायरमन आले होते. अर्थची हिरवी तार बोर्डापर्यंत आलेली होती, पण सॉकेटच्या मागे ती जोडलेलीच नव्हती, मोकळी वळवून ठेवलेली. घर अकरा वर्षांचं आहे. त्याच प्लगावर इतकी वर्षं मी इस्त्री करत होते. आता न्यूट्रल-अर्थ १.४ व्होल्ट दाखवतंय आणि कॅबिनेट शांत आहे.

मग दोघींनी जुळवायला घेतलं. प्रोसेसरची ४+४ पिनची वायर आणि कार्डाची ६+२ पिनची वायर दिसायला जुळ्या बहिणी! लेक एक चुकीच्या जागी लावायला निघाली होती, बसेना म्हणून थांबली.

सोल्डरगन
बरं झालं जोर लावला नाही. त्या दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट्या असतात. खाचा वेगळ्या ठेवल्यात त्या त्यासाठीच. बटण दाबल्यावर काय झालं?

कृष्णाकाठ
पहिल्या दाबाला काहीच नाही, पोटात गोळा आला. मागची कळ बंद होती. ती चालू केली आणि पंखे फिरले. ब्लेंडरमध्ये तिने तासभर रेंडर लावला. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर) १२ व्होल्टच्या ओळीला १२.०९६ दिसतंय. हे ठीक आहे ना?

सोल्डरगन
११.४ ते १२.६ च्या आत काहीही चालतं. बायोसचा आकडा अंदाजाचाच असतो, पण तुमचा छान आहे.

मुक्काम_पोस्ट_कऱ्हाड
मंडळी, मीही माझं लेबल वाचलं. १२ व्होल्टला १४ अँपिअर. मागे लाल कळ आहे. पुढच्या महिन्यात पुतण्या जीटीएक्स १६५० बसवायचं म्हणतोय, वेगळी वायर न लागणारं. चालेल का?

सोल्डरगन
१४ म्हणजे १६८ वॅट. ते कार्ड ७५ वॅटचं, सगळं मदरबोर्डच्या स्लॉटमधून घेतं. कागदावर बसतं. पण सप्लाय सहा वर्षांचा आहे, आणि त्याच मशीनवर तुमच्या गिऱ्हाइकांचा जीएसटीचा डेटा आहे. आधी सप्लाय बदला, कार्ड नंतर. आणि बॅकअप आजच घ्या.

मुक्काम_पोस्ट_कऱ्हाड
घेतो. ताई, त्या दुकानाचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

कृष्णाकाठ
केला. लाल कळेवर आजच चिकटपट्टी लावा, दादा.